एका घरातील संगणकांचा अबोला

आता पुष्कळ शिक्षकांच्या घरी एकाहून अधिक संगणक असतात. प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रके विंडोजच्या लॅपटॉपवर असतात. नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा मॅक असतो. शिवाय कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, त्यावर लिनक्स घालून ते वापरात ठेवणे हा एक चांगला मार्ग आहे. अशा डेस्कटॉपमध्ये मोठी डिस्क असली, तर घरातील सर्वांच्या फाईली तेथेच ठेवाव्यात असे वाटणे साहजिक आहे.

तिन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आहेत. तिन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते. तरीही लॅपटॉपवरील फाईल हातभर अंतरावरच्या डेस्कटॉपवर काही जात नाही. मग आपण ती फाईल स्वतःलाच ईमेलने पाठवतो, म्हणजे कोठल्या तरी दूरच्या केंद्रात धाडून परत घरी आणतो. नाहीतर पेन ड्राईव्ह घेऊन उठतो.

अशा वेळी पडद्यावर येणारा संदेश फारसा उपयोगी नसतो. ‘या ठिकाणी पोहोचता येत नाही, नाव बरोबर लिहिले आहे का पाहा’ अशा अर्थाचे एक वाक्य येते. या एका वाक्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. ‘ताप आला आहे’ हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसेच हे वाक्य म्हणजे बिघाडाचे नाव नव्हे. ताप मलेरियाचा आहे की टायफॉईडचा हे न पाहता औषध देणारा वैद्य आपण पसंत करणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. कोणी सांगते फायरवॉल बंद करा, कोणी सांगते जुना प्रोटोकॉल चालू करा, तर कोणी सांगते सर्वांना सर्व अधिकार देऊन टाका. यांपैकी एखाद्या उपायाने काम होऊनही जाते. अडचण अशी की, आपले दुखणे कोणते होते ते कळत नाही आणि मोकळी केलेली दारे मात्र तशीच मोकळी राहतात. त्याची किंमत काय असू शकते ते पुढे येईलच.

चिठ्ठी आणि ग्रंथपाल

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘मॅकची डिस्क वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते, लिनक्सची आणखी वेगळ्या, मग विंडोजला ती वाचता कशी येणार?’ असे अनेकांना वाटते. डिस्कवरील रचना निरनिराळ्या असतात हे खरे आहे. लिनक्सच्या यंत्रातील डिस्क काढून विंडोजला जोडली, तर ती वाचताना अडचण येईलच. पण जाळ्यावरून फाईल मागताना मागणारा संगणक दुसऱ्याच्या डिस्कला हातच लावत नाही.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. आपण पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून खिडकीपाशी देतो. आत पुस्तके विषयवार लावली आहेत की दाखल क्रमांकाप्रमाणे, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. ग्रंथपाल स्वतःच्या पद्धतीने शोधतो आणि पुस्तक आपल्या हाती देतो. हे घडायला एवढेच लागते की, आपण लिहिलेली चिठ्ठी ग्रंथपालाला वाचता यावी. संगणकांतही तसेच आहे. एक मागणारा, एक देणारा आणि दोघांना ठाऊक असलेली चिठ्ठीची भाषा. या भाषेला प्रोटोकॉल म्हणतात.

घरगुती जाळ्यात आज प्रामुख्याने जी भाषा चालते तिचे नाव एसएमबी. आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचा आराखडा केला. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि वाढवली. युनिक्सच्या जगात सन कंपनीची एनएफएस ही भाषा १९८४ पासून होती, आणि अ‍ॅपलची एएफपी नावाची स्वतःची तिसरीच भाषा होती. म्हणजे एके काळी तीन प्रकारच्या ग्रंथालयांना तीन प्रकारच्या चिठ्ठ्या लागत.

यांतली दरी कशी बुजली त्याची हकीकत शिक्षकांना आवडेल अशी आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हे पीएच.डी. करीत होते. आपल्या डॉसवर चालणाऱ्या पीसीवरून विद्यापीठातील युनिक्स यंत्रावरच्या फाईली मिळाव्यात, एवढीच त्यांची गरज होती. भाषेचे व्याकरण त्यांच्याकडे नव्हते. १९९१ च्या अखेरीस त्यांनी दोन यंत्रांमधील संभाषण तारेवरच टिपणारा एक प्रोग्रॅम लिहिला. कोणती चिठ्ठी गेली, तिला काय उत्तर आले, हे पाहून पाहून ते अर्थ लावत गेले. परक्या देशातील उपाहारगृहात बसावे, कोणी काय शब्द उच्चारले आणि वाढप्याने त्याबरोबर काय आणून दिले हे पाहत राहावे, म्हणजे भाषा कळू लागते, अशी उपमा त्यांनीच पुढे आपल्या या पद्धतीला दिली. यातून तयार झालेला प्रोग्रॅम त्यांनी सर्वांना मोफत दिला. काही वर्षांनी त्याच्या पहिल्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाल्याने नवे नाव शोधण्याची वेळ आली. तेव्हा ट्रिजेल यांनी संगणकातील शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हा शब्द निवडला. आज लिनक्सचा संगणक विंडोजशी बोलतो तो सांबामुळेच. अ‍ॅपलनेही २०१३ साली मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून एसएमबीला पहिले स्थान दिले.

म्हणजे आज तिन्ही यंत्रांना एकच भाषा येते. मग अबोला का? कारण भाषा येणे ही अनेक अटींपैकी फक्त एक अट आहे. बाकीच्या अटी एकेक करून तपासू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीची अट पुरी नसेल तर नंतरची तपासून काहीच कळत नाही.

रस्ता आहे का?

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. घरात तो बहुधा १९२.१६८.१.२० असा दिसतो. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत; संगणकावर ते रोमन अंकांतच टंकावे लागतात.) विंडोजमध्ये आज्ञांच्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की पत्ता दिसतो. मॅकमध्ये तो वाय-फायच्या तपशिलात सापडतो, तर लिनक्समध्ये ‘आयपी ए’ ही आज्ञा चालते. दोन्ही यंत्रांचे पत्ते कागदावर लिहून घ्यावेत आणि पहिले तीन आकडे जुळतात का ते पाहावे.

ते जुळले नाहीत तर बिघाड येथेच आहे. आपल्याकडे याचे एक कारण वारंवार आढळते. फायबरची जोडणी देणारी कंपनी जी पेटी बसवते तिच्यातच वाय-फाय असते. ते आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून आपण दुसरा राऊटर आणतो. अशा वेळी घरात दोन जाळी तयार होऊ शकतात. एका यंत्राला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, दुसऱ्याला १९२.१६८.० ने. दोघांनाही इंटरनेट मिळत असल्याने काही बिनसले आहे अशी शंकाही येत नाही. दुसऱ्या राऊटरला केवळ अ‍ॅक्सेस पॉईंट म्हणून काम करायला लावले, की ही दोन जाळी एक होतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे, असे समजावे.

आकडे जुळूनही रस्ता बंद असू शकतो. पाहुण्यांसाठी असलेल्या वाय-फायवर राऊटर मुद्दामच यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही. पाहुण्याच्या फोनमधील विषाणू घरातील यंत्रांपर्यंत पोहोचू नये म्हणून ही सोय असते. ती चांगलीच आहे. फक्त आपला लॅपटॉप चुकून त्या वाय-फायवर नाही ना, एवढे पाहावे.

न दिसणे आणि नसणे

आता सर्वांत अधिक गोंधळाची बाब. विंडोजमध्ये ‘नेटवर्क’ उघडले की आसपासच्या संगणकांची यादी दिसते. त्यात आपला डेस्कटॉप नसला की तो जाळ्यात नाही, असे आपण ठरवून टाकतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

एखाद्या सोसायटीच्या दारातील फलकावर रहिवाशांची नावे लिहिलेली असतात. नव्या बिऱ्हाडाचे नाव अजून फलकावर चढलेले नाही. म्हणून ते कुटुंब तेथे राहतच नाही का? पोस्टमनला खोली क्रमांक ठाऊक असेल तर पत्र बरोबर पोहोचते. संगणकांची यादी हा असा फलक आहे. फलक भरणे हे एक काम, आणि पत्र पोहोचवणे हे पूर्णपणे वेगळे काम.

शिवाय फलक एक नाही. पूर्वी विंडोजची यंत्रे नेटबायोस नावाच्या पद्धतीने साऱ्या जाळ्यात हाळी देत असत: ‘कोण कोण आहे?’ ही पद्धत जुन्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीशी बांधलेली होती आणि तिच्याबरोबरच मागे पडली. आजचे विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या पद्धतीने हाळी देते. मॅक आणि लिनक्स मात्र एमडीएनएस नावाच्या निराळ्या पद्धतीने आपली ओळख सांगतात. अ‍ॅपलने तिला बाँझूर हे नाव दिले आहे. म्हणजे विंडोज ज्या भाषेत ‘कोण आहे?’ म्हणून विचारते, त्या भाषेत लिनक्स उत्तरच देत नाही. सांबा फाईली द्यायला तयार असतो, पण विंडोजच्या हाळीला ‘ओ’ देणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम वेगळा बसवावा लागतो. तो बसवला की डेस्कटॉप विंडोजच्या यादीत दिसू लागतो.

म्हणून यादीत नाव नसेल तर वेळ न घालवता थेट पत्त्याने जावे. विंडोजमध्ये फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच अंकी पत्ता लिहावा. मॅकमध्ये फाइंडरच्या ‘गो’ या यादीतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ निवडून एसएमबी ही तीन अक्षरे, विसर्गचिन्ह, दोन सरळ तिरक्या रेघा आणि पत्ता लिहावा. लिनक्सच्या फाईलखिडकीतही असेच लिहिता येते. पत्त्याने फोल्डर उघडले तर बाकी सर्व ठीक आहे, दोष केवळ फलकाचा आहे. तेव्हा त्या फोल्डरचा शॉर्टकट करून ठेवावा आणि समाधान मानावे. मात्र राऊटर पत्ते बदलून देत असतो. डेस्कटॉपचा पत्ता राऊटरमध्ये कायमचा राखून ठेवला नाही, तर आज चाललेला शॉर्टकट काही दिवसांनी पुन्हा बंद पडेल.

माझ्या मते अर्ध्या घरगुती तक्रारी येथेच मिटाव्यात.

दार बंद आहे की घरात कोणी नाही?

पत्त्यानेही फोल्डर उघडले नाही तर दाराकडे वळावे. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात आणि प्रत्येकीसाठी क्रमांक दिलेले दार असते. त्याला पोर्ट म्हणतात. एसएमबीचे दार ४४५ क्रमांकाचे. या दाराशी रखवालदार असतो, तो म्हणजे फायरवॉल.

येथे पुष्कळ जण ‘पिंग’ या आज्ञेने परीक्षा करतात. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक. तिला उत्तर आले तर रस्ता आहे हे सिद्ध होते. उत्तर आले नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विंडोजचा रखवालदार पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण सांगतो की पुरावा न मिळणे म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे. त्याचे याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्याऐवजी ४४५ क्रमांकाचे दारच ठोठावावे. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पत्ता आणि दारक्रमांक देऊन चालवता येते. मॅक व लिनक्सवर यासाठी ‘एनसी’ ही आज्ञा आहे. उत्तरे तीन प्रकारची मिळतात आणि त्यांतील फरक मोलाचा आहे. दार उघडले, तर पुढच्या टप्प्याकडे जावे. तत्काळ नकार आला, तर यंत्रापर्यंत आपण पोहोचलो आहोत, पण तेथे या दाराशी कोणी बसलेले नाही. बहुधा सांबा सुरू केलेला नाही किंवा मॅकमध्ये फाईल शेअरिंग चालू केलेले नाही. तिसरा प्रकार म्हणजे बराच वेळ नुसती शांतता. यात एकतर यंत्र त्या पत्त्यावर नाही किंवा रखवालदार आपल्या ठोठावण्याकडे दुर्लक्ष करीत आहे. विंडोजचा रखवालदार बहुधा नकार न देता गप्पच बसतो हे ध्यानात असू द्यावे.

विंडोजमध्ये यामागचे नेहमीचे कारण असे. नवे वाय-फाय जोडताना ते ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ याची नोंद होते. रेल्वे स्थानकावरील वाय-फाय पब्लिक, घरचे प्रायव्हेट. पब्लिक असेल तर विंडोज फाईलींचे दार लावूनच घेते. घरचे जाळे चुकून पब्लिक म्हणून नोंदले गेले असेल तर ते प्रायव्हेट करावे, एवढाच उपाय. अख्खी फायरवॉल बंद करणे म्हणजे कडी सापडत नाही म्हणून दारच उखडून टाकण्यासारखे आहे. उद्या तोच लॅपटॉप आपण एखाद्या प्रशिक्षणवर्गात किंवा हॉटेलात नेतो तेव्हा ते दार सोबत येत नाही.

जुनी बोली

दार उघडले तरी संभाषण लगेच तुटू शकते. एसएमबीच्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. पहिली १९८० च्या दशकातली, दुसरी २००६ साली व्हिस्टाबरोबर आलेली, तिसरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली. संभाषणाच्या आरंभी मागणारा आपल्याला येणाऱ्या बोली सांगतो आणि देणारा त्यांतील आपल्याला येणारी सर्वांत नवी निवडतो. सामाईक बोली एकही नसेल तर विषय संपला.

ही अडचण जुन्या यंत्रांत येते: विंडोज एक्सपीचा संगणक, दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली नेटवर्क डिस्क, किंवा स्कॅन केलेले पान थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने कॉपी यंत्र. अशांपैकी पुष्कळांना फक्त पहिली आवृत्ती येते आणि आजच्या विंडोजमध्ये ती बंद असते. ती पुन्हा चालू करता येते. करावी का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागे मे २०१७ मधील घटना आहे.

एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीची सेवा विंडोजमध्ये ज्या पद्धतीने लिहिली होती तिच्यात एक दोष होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती दिली, पण असंख्य संगणकांवर ती बसवलीच गेली नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरू लागला. कोणी संशयास्पद ईमेल उघडण्याचीही त्याला गरज नव्हती. एका यंत्रात शिरला की तो जाळ्यातील इतर यंत्रांचे ४४५ क्रमांकाचे दार ठोठावी, तेथे दुरुस्त न केलेली जुनी बोली सापडली की आत जाई आणि फाईली कुलूपबंद करून पैसे मागे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या शरद ऋतूतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून पहिली आवृत्ती मुळातच बसवली जात नाही. सांबानेही २०१९ मध्ये ती आपल्या बाजूने बंद केली.

‘आमच्या घरातील फाईली कोण चोरणार?’ असे कोणी म्हणेल. वॉनाक्रायला चोरी करायचीच नव्हती. शंभर मुलांचे वर्षभराचे गुण, आईवडिलांचे जुने फोटो, अर्धवट राहिलेला प्रबंध, यांची किंमत मालकालाच सर्वांत अधिक असते. खंडणी मागणाऱ्याला तेवढे पुरते. म्हणून जुन्या नेटवर्क डिस्कवरील माल एकदा काढून घ्यावा आणि तिला निवृत्त करावे.

तुम्ही कोण?

बोली जमली की ओळखपत्र मागितले जाते. पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा येत असेल तर रस्ता, दार, बोली सर्व ठीक आहे. म्हणून ती खिडकी ही खरे तर प्रगतीची खूण आहे.

येथे घोटाळा होतो तो यामुळे की, आपण रोज जे टंकतो तोच पासवर्ड असे आपल्याला वाटते. विंडोजचा चार-सहा अंकी पिन फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्यासाठी असतो, जाळ्यावरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे खाते वापरत असल्यास नाव म्हणून पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज जाळ्यावरून प्रवेश देत नाही. सांबाची तऱ्हा निराळी. त्याची पासवर्डांची वही लिनक्सच्या वहीहून वेगळी असते. लिनक्सवर खाते असले तरी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने त्याचे नाव सांबाच्या वहीत वेगळे चढवावे लागते. मॅकमध्ये फाईल शेअरिंगच्या ‘ऑप्शन्स’मध्ये प्रत्येक खात्यापुढे वेगळी खूण करावी लागते.

यावर सोपा उपाय म्हणजे फाईली देणाऱ्या यंत्रावर केवळ याच कामासाठी एक साधे खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि घरातील सर्वांनी तेच वापरावे. पूर्वी ‘पाहुणा’ म्हणून विनापासवर्ड प्रवेश देण्याची पद्धत होती. २०१७ पासून विंडोजच्या काही आवृत्त्यांनी आणि २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोनेही अशा यंत्राशी जोडून घेणे नाकारले आहे. एखादी जोडणी वर्षानुवर्षे चालून विंडोज अद्ययावत केल्यावर अचानक बंद पडली असेल, तर संशयाचे पहिले बोट येथे दाखवावे. विंडोजने जुना पासवर्ड लक्षात ठेवून तोच गुपचूप पुढे केल्यामुळेही नकार येतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधील ती नोंद पुसून पुन्हा प्रयत्न करावा.

ओळख पटली तरी अधिकार वेगळे. फोल्डर दिसते, फाईल वाचता येते, पण साठवता येत नाही, हे अधिकाराच्या बिघाडाचे लक्षण. विंडोजमध्ये फोल्डरला दोन कुलुपे असतात: एक जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी, दुसरे डिस्कवर. दोन्ही उघडली तरच काम होते, म्हणजे जे अधिक कडक तेच खरे. लिनक्समध्ये आणखी एक गंमत आहे. फोल्डर मोकळे असले तरी त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी लागते. खोलीचे दार सताड उघडे आणि वाड्याचा दिंडीदरवाजा बंद, अशी ती स्थिती. उबुंटूमध्ये २०२१ पासून वापरणाऱ्याचे मुख्य फोल्डर इतरांना बंदच असते, त्यामुळे त्याच्या पोटातील फोल्डर दुसऱ्या खात्याला उघडत नाही. वाटण्याचे फोल्डर वेगळ्या जागी काढावे हे उत्तम.

मराठी नावांची गंमत

सर्व जुळून आले तरी एखादीच फाईल हट्ट करते. वर्गात सांगण्याजोगे म्हणून याचे दोन नमुने देतो.

‘इयत्ता नववी विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रथम सत्र परीक्षा प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरे अंतिम सुधारित प्रत’ असे नाव एका फाईलला दिले. विंडोजला ते चालते, लिनक्सचा डेस्कटॉप घेत नाही. का? विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, तर लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ रचनेची २५५ बाईटची. रोमन अक्षराला एक बाईट पुरतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आणि चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, वेलांटी, हलन्त सर्व वेगळे मोजायचे. ‘विज्ञान’ या तीन अक्षरांत व, वेलांटी, ज, हलन्त, ञ, काना, न अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाईट. वरच्या नावात ८९ चिन्हे आहेत. त्यांचे २६७ बाईट आणि १४ मोकळ्या जागांचे १४, असे २८१ होतात. देवनागरी नाव साधारण ८० चिन्हांच्या आत ठेवले तर हा प्रश्न उद्भवत नाही. नावात विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे मात्र नकोत. ‘सकाळ ७:३० वेळापत्रक’ लिनक्सला चालते, पण विंडोजला त्या चिन्हाचे वावडे असल्याने सांबा त्याला एक तुटके, अनोळखी नाव दाखवतो.

दुसरा नमुना ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ चा. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येते: एका चिन्हात, किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना नावांतील अशा अक्षरांचे सुटे भाग करून ठेवत असे. असे नाव झिपच्या गठ्ठ्यातून लिनक्सवर पोहोचले, तर तेथे ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावाच्या दोन फाईली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात आणि शोधताना एकच सापडते. डोळ्यांना फरक दिसणार नाही. नाव पुसून पुन्हा टंकले की सुटते.

वर्गात करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात दोन यंत्रे घेऊन याचा प्रयोग सहज होतो. चार विद्यार्थ्यांना बाहेर पाठवावे आणि एकच दोष मुद्दाम घालावा: एक यंत्र दुसऱ्या वाय-फायवर टाकावे, शेअरिंग बंद करावे, पासवर्ड बदलावा किंवा फोल्डरला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवावा. आत आल्यावर विद्यार्थ्यांनी प्रत्येक परीक्षेपूर्वी ‘काय होईल असे वाटते’ आणि नंतर ‘काय झाले’ हे कागदावर लिहावे. एका वेळी एकच बदल करायचा, आणि ज्या बदलाने फरक पडला नाही तो लगेच परतवायचा, हे दोन नियम ठेवावेत. नंतर दोष तोच ठेवून दुसऱ्या गटाला पहिल्या गटाचा कागद वाचायला द्यावा आणि कोणती परीक्षा गाळली असती तरी चालले असते, ते त्यांना विचारावे.